सक्तीला विरोध, पण शेजाऱ्याच्या भाषेचे भय कशाला?

2025 च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ बसमध्ये मराठी-कन्नड बोलण्यावरून वाद झाला आणि कर्नाटकच्या कंडक्टरला मारहाण झाली. त्याचे पडसाद थेट चित्रदुर्गात उमटले; तिथे महाराष्ट्राच्या एस.टी. चालकाच्या तोंडाला काळे फासण्यात आले. दोन्ही राज्यांच्या गाड्या काही दिवस बंद पडल्या. अपमान झाला पोटासाठी नोकरी करणाऱ्या दोघांचा, आणि हाल झाले कोल्हापूरला दवाखान्यात निघालेल्या आपल्याच म्हाताऱ्या माणसांचे!

त्या आठवड्यात एक पालक मला पारावर भेटले. म्हणाले, "गुरुजी, पोराला कानडी परीक्षेपुरतंच शिकवा. ज्यांनी आम्हांस मारलं, त्यांची भाषा जास्त कशाला?"

त्यांचा राग मला कळतो. 1986 च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात मी शाळकरी पोर होतो. एका शिपायाची काठी माझ्या खांद्यावर बसली. पुढे कित्येक वर्षे कानडी शब्द कानी पडला की पोटात गोळा यायचा. कचेरीत कागद न्यायचा झाला तर दुसऱ्याला पुढे करायचो. हे भय मी स्वाभिमान म्हणून मिरवले, याची आज लाज वाटते.

नोकरीला लागल्यावर एका प्रशिक्षणात शेजारी कानडी शाळेचे एक मास्तर बसत. डबा उघडला की रोज विचारायचे, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झाले का. एके दिवशी मी त्यांना काठीची हकीकत सांगितली. बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, त्यांचे पाव्हणे जत तालुक्यात असतात, महाराष्ट्रात. पोरे कानडी शाळेत, पण शिक्षकाची जागा रिकामी आणि कचेरीतला प्रत्येक कागद मराठीत. आमचेच गाऱ्हाणे, त्यांच्या तोंडून! त्याच महिन्यात मी त्यांच्याकडून कानडी मुळाक्षरे गिरवायला घेतली. आपले अण्णा, अक्का, आप्पा त्यांच्याही घरात आहेत, आणि ज्यांना 1973 साली ज्ञानपीठ मिळाले त्या कन्नड कवी द. रा. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी होती, हे मला तेव्हा कळले. बी.एड. झालेल्या माणसाला!

हक्क सोडा, असा याचा अर्थ कुणी काढू नये. अल्पसंख्य भाषिक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी, असे घटनेचे 350-अ कलम सांगते. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. 2024 साली फलकांवर 60 टक्के कन्नडचा कायदा आला, त्यालाही आपण विरोध केलाच पाहिजे. मात्र जमिनीच्या उताऱ्यात नाव चुकले, तर ती चूक ज्याला कानडी वाचता येते त्यालाच दिसते. बाकीचे एजंटाला पैसे मोजतात.

गावच्या समितीच्या बैठकीत मी म्हणालो, मार खाल्लेल्या त्या कंडक्टरची आणि त्या चालकाची, दोघांचीही विचारपूस आपण करायला हवी होती. दोघे जण उठून गेले. बाकीचे बसले, पण ठराव झाला नाही.

त्या पालकांना मी म्हटले, संध्याकाळी पोराला घेऊन या, तुम्हीही बसा. ते अजून आलेले नाहीत. पोरगा मात्र परवा स्टँडवर बसची पाटी वाचून आजीला गाडी दाखवत होता.