गुहेतील दिनक्रम

सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून युद्धग्रस्त चीनच्या सेवेसाठी निघालेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस तेवढे आपल्याला आठवतात, तेही बहुधा शांतारामांच्या चित्रपटामुळे. नागपूरचे डॉ. चोळकर विस्मृतीतच गेले! खरे मोल आहे ते त्या पथकाच्या दिनक्रमाचे. येनानच्या मातीच्या गुहांत बिऱ्हाड, वाडग्यात राळ्याची पेज, दिवसभर जखमी सैनिक. कोटणीस तर चिनी शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. सुट्टीतले तीन आठवडे परदेशी सेवेस जाणाऱ्या आजच्या पथकांना एवढ्यात रुग्णाची भाषा कशी यावी, असे कोणी म्हणेल. आमचा प्रश्न उलट आहे: मग तीनच आठवडे का? ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी कोटणीस वारले, तेव्हा त्यांचे शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तक अपुरेच होते.