हिमांतून मोटार हांकतांना

देशावरील काळ्या जमिनींत पावसाळ्यांत रुतलेली बैलगाडी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस एक गोष्ट निराळी सांगावयास नको. अशा वेळीं जो गाडीवान नुसता आसूड ओढतो, त्याची गाडी आंसापर्यंत खालीं जाते. आणि जो खालीं उतरून ओझें कमी करतो, चाकाखालीं दगड व पाचोळा घालतो, त्याची गाडी निघते. डोंगरांतील खोल हिमांतून मोटार नेणाऱ्यासही ह्याच शहाणपणाची गरज असते. फरक इतकाच कीं, चिखलांत फसलेल्याचा दिवस वाया जातो, हिमांत फसलेल्याचा प्राण जाऊं शकतो.

हा विषय आमच्या वाचकांस दूरचा वाटूं नये. रोहतांग खिंडीखालचा नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजीं खुला झाला. तत्पूर्वीं लाहौलचें खोरें हिंवाळ्यांत कित्येक महिने बाहेरच्या जगापासून तुटलेलें असे. आतां हवा अनुकूल असेल तर मनालीहून निघालेली मोटार भर हिंवाळ्यांतही सिस्सूपर्यंत जाते. पुण्यामुंबईचीं कुटुंबें आजीआजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांस घेऊन हिम पाहावयास जातात. हमरस्त्यावरील हिम यंत्रांनीं बाजूस सारलेलें असतें, तोंवर ठीक आहे. पण एखाद्या देवळाकडे जाणारी कच्ची वाट खुणावूं लागते आणि “चारी चाकांस जोर देणारी गाडी आहे, मग भय कशाचें?” असा प्रश्न निघतो. त्या प्रश्नाचाच आज विचार करूं.

नुकतेंच पडलेलें हिम म्हणजे बहुतांशीं हवाच होय. एक घनमीटर पाण्याचें वजन १,००० किलो भरतें. तितक्याच ताज्या, भुसभुशीत हिमाचें वजन साधारण ५० ते १०० किलोच असतें. अशा पोकळ गादीवर मोटारीचा भार पडतो. टायरमध्यें चौरस इंचास ३० पौंड दाबाची हवा असली, तर टायरही जमिनीस स्थूलमानानें तितक्याच दाबानें रेटतो. उभ्या माणसाच्या पावलांचा दाब चौरस इंचास दोन-तीन पौंडांहून फारसा अधिक नसतो. ज्या हिमांत माणूस गुडघ्यापर्यंत जातो, तेथें मोटारीनें तरंगावें ही अपेक्षा कशी धरावी?

ह्या गणिताचें उत्तर आइसलंडच्या लोकांनीं शोधून काढलें. १९८० नंतरच्या दशकांत त्यांनीं आपल्या जीपगाड्यांस ३८ ते ४४ इंच व्यासाचे रुंद टायर बसविले आणि हिमावर जातांच त्यांतील हवा सोडून दाब चौरस इंचास तीन-चार पौंडांवर आणण्याची रीत पाडली. उंटाचें पाऊल वाळूंत पसरावें, तसा तो टायर हिमावर पसरतो आणि भार मोठ्या जागेवर वांटला जातो. अशा गाड्या तेथील वात्नायोकुल ह्या प्रचंड हिमक्षेत्रावरूनही जातात. वाट सोडून गाडी नेण्यास त्या देशांत कायद्यानें बंदी आहे; मात्र हिमनद्यांवर, तसेंच जमीन गोठलेली व हिमानें झांकलेली असेल तेथें मुभा आहे, कारण तेव्हां चाकांनीं खालच्या शेवाळास इजा होत नाहीं.

आपल्या साध्या गाडीस हें सर्व साधणारें नाहीं. दाब ३० वरून १८-२० वर आणल्यास थोडी मदत होते. पण हवा पुन्हां भरण्याचा पंप जवळ हवा, आणि कठीण रस्त्यावर येतांच ती भरली पाहिजे. नाहीं तर टायर तापून बिघडतो, वळणावर कडेवरून निसटतोही. शिवाय गाडीचें पोट जमिनीपासून सात-आठ इंचच उंच असतें. हिम त्याहून खोल असलें, कीं तें पोटाखालीं दाटतें, गाडी त्यावर बसते आणि चाकें अधांतरीं फिरूं लागतात. मग इंजिनाचें बळ कितीही असो, तें निरुपयोगी.

फिरणाऱ्या चाकाविषयीं एक नियम लक्षांत ठेवावा. चाक जागच्या जागीं फिरलें, कीं घर्षणाच्या उष्णतेनें खालचें हिम वितळतें व लगेच गोठून त्याची कांच होते. म्हणून चाक फिरकूं लागतांच पाय उचलावा, आपल्याच चाकोरींतून हळूच मागें यावें आणि दाबलेल्या वाटेवरून पुन्हां चार हात पुढें जावें. तरीही गाडी पुढें सरकेना, तर फावडें घ्यावें. सांखळ्या बांधावयाच्या त्या फसण्यापूर्वीं, सपाट जागीं. फसल्यावर त्या बांधणें फार कठीण. आणि चारी चाकांचा जोर निघण्यास उपयोगी पडतो, थांबण्यास नाहीं. ब्रेक तर साध्या गाडीचेही चारी चाकांवरच असतात! उतारावर खालच्या गिअरांत, मुंगीच्या पावलानें उतरावें.

डोंगरवाटेवर आणखी दोन फसवणुकी असतात. वाऱ्यानें सांचलेलें हिम दरीच्या कडेबाहेर छज्जासारखें पुढें आलेलें असतें. डोळ्यांस तें वाटेचाच भाग दिसतें, परंतु त्याखालीं जमीन नसते. म्हणून संशय येतांच एकानें उतरून, डोंगराची बाजू धरून, काठीनें ठोकीत पुढें चालावें. दुसरी फसवणूक वेळेची. रात्रीं गोठलेली वरची खपली सकाळीं गाडीचा भार सोसते. दुपारच्या उन्हानें तीच मऊ पडते. जी वाट जातांना सुखाची वाटली, ती परततांना गिळूं पाहते.

गाडी अडकलीच, तर खरा शत्रु थंडीइतकाच धूरही असतो. पाकिस्तानांतील मरी ह्या थंड हवेच्या ठिकाणीं जानेवारी २०२२ च्या ७ तारखेच्या रात्रीं प्रचंड हिमवर्षाव होऊन मोटारी रस्त्यावरच अडकल्या आणि त्यांत बसलेलीं बावीसहून कमी नव्हेत इतकीं माणसें, लहान मुलें धरून, दगावलीं. कांहींचा मृत्यु थंडीनें, तर कांहींचा गाडींत सांठलेल्या विषारी वायूनें झाल्याचें तेव्हां सांगण्यांत आलें. सायलेन्सरची नळी हिमानें बुजली, कीं कार्बन मोनॉक्साइड हा वायु आंत शिरतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. माणूस झोंपेंतच जातो. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वीं दर वेळीं ती नळी मोकळी करावी, वारा नसलेल्या बाजूची कांच बोटभर उघडी ठेवावी, तासांतून दहा मिनिटेंच इंजिन चालवावें, आणि गाडी सोडून अंधारांत पायीं निघूं नये.

हे सर्व नियम तरुण चालक पाठ करील. परंतु त्यांहून अवघड गोष्ट घरांतील आहे. पुतण्या गाडी हांकीत असतो, मागें अण्णा बसलेले असतात. वाटेंत हिम वाढलेलें पाहून पुतण्याच्या मनांत शंका येते, इतक्यांत अण्णा म्हणतात, “एवढें आलों आहों, तर दर्शन घेऊनच जाऊं.” मग धाकट्याची जीभ उचलत नाहीं. मोठ्यांपुढें न बोलण्याचें वळण आपणच त्यास लावलेलें असतें, आणि एरवीं तें चांगलेंही आहे. पण हिमास वयाची भीड नसते. तेव्हां निघण्यापूर्वींच, सर्व मंडळी ऐकत असतांना, घरांतील वडिलांनीं सांगावें: “गाडी हांकणारा ‘परत’ म्हणेल, तेव्हां परत. मीही कांहीं बोलणार नाहीं.” दुपारीं कोणत्या वेळेस तोंड फिरवावयाचें, तेंही तेव्हांच ठरवावें. ह्यानें वडिलांचा मान उणा होत नाहीं. त्यांच्याच शब्दानें धाकट्यास बोलण्याचें बळ येतें. हिंवाळी प्रवासाचे बेत ज्या घरीं चालले असतील, तेथें सामानाच्या यादींत फावड्याच्या आधीं ह्या एका वाक्याची नोंद करावी, एवढीच ह्या महिन्याची विनंती.