ओव्हनचा एलिमेंट जळतो तेव्हा

डिसेंबर उजाडला की आम्हां ग्वाल्हेरकरांच्या घरांत विजेचा खर्च एकाएकी वाढतो. वसई-मुंबईकडील वाचकांस येथील थंडीची कल्पना सहसा येत नाही. पहाटे पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, आणि लष्कर, मुरार, हजिरा या भागांतील कितीतरी घरांत तारेचे हीटर पेटतात. त्याच दिवसांत, नाताळच्या केकसाठी म्हणून, वर्षभर कपाटावर विसावलेला विजेचा ओव्हनही खाली उतरतो. स्विच दाबावा, तांबडा दिवा लागावा, आणि अर्धा तास उलटून गेल्यावरही ओव्हनच्या पोटात ऊब नसावी, असा प्रसंग नेमका याच दिवसांत ओढवतो. घरातील मंडळी लागलीच निकाल देऊन मोकळी होतात : "ओव्हन गेला!"

आमचे म्हणणे असे की, बहुधा ओव्हन गेलेला नसतो. त्यातील एक तार गेलेली असते.

ही तार म्हणजे निकेल आणि क्रोमियम या दोन धातूंचा मिश्रधातू होय. त्यास नायक्रोम म्हणतात. १९०६ साली अमेरिकेत आल्बर्ट मार्श या धातुशास्त्रज्ञास त्याचे पेटंट मिळाले, आणि तेथून पुढे विजेच्या इस्त्र्या, शेगड्या व ओव्हन सामान्य घरांत शिरू शकले. तत्पूर्वी लोखंडाची तार वापरावी तर ती तापून लवकर झडत असे, आणि प्लॅटिनमची वापरावी तर ती राजेरजवाड्यांनाच परवडावी. नायक्रोमचा गुण असा की, तापल्यावर तिच्या अंगावर क्रोमियमच्या गंजाचा अत्यंत पातळ पण चिवट थर बसतो, आणि तोच थर आतील धातूस हवेपासून वाचवितो. लोखंडास जो गंज खातो, तोच येथे कवच होतो! मात्र तापणे-निवणे, तापणे-निवणे हा क्रम वर्षानुवर्षे चालला म्हणजे हे कवच कोठेतरी तडकते. त्या ठिकाणी तार बारीक होते. बारीक झाल्यामुळे तेथेच अधिक तापते, अधिक तापल्यामुळे आणखी बारीक होते, आणि एके दिवशी तुटते.

आता एक सावधगिरीची सूचना. गार राहिलेल्या किंवा मंद तापणाऱ्या प्रत्येक ओव्हनचा दोष एलिमेंटच्या माथी मारू नये. आमच्या या शहरात हिवाळ्याच्या संध्याकाळी, साऱ्या मोहल्ल्याचे हीटर एकदम सुरू झाले की, कधीकधी व्होल्टेज घसरते. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० व्होल्टच्या जागी २०० व्होल्टच मिळाले, तर हजार वॅटचा ओव्हन साडेसातशे वॅटचाच उरतो. केक मधोमध बसतो, गृहिणी स्वतःस दोष देते, सासूबाई सोड्यास दोष देतात, आणि खरा अपराधी खांबावरच्या तारेत असतो. अशा वेळी केक दुपारी भाजावा, हा आमचा साधा उपाय. ओव्हनने अंशमात्रही ऊब धरली नाही, किंवा खालचा भाग तापतो पण वरचा मुळीच तापत नाही, तर मात्र एलिमेंटकडे वळावे.

येथेच एका घरी घडलेली हकीकत सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. लष्करातील आमच्या शेजारी एक वयस्क काकू आहेत. त्यांचा ओव्हन तो जुना, गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला. एका हिवाळ्यात त्याची कॉइल तुटली. बाजारातील एका मिस्त्रीने दोन्ही टोके ओढून, एकमेकांत अडकवून, पिळा मारून दिला. "घ्या काकू, आता दहा वर्षे बघायला नको," असेही वर सांगितले. काकूंना आनंद झाला. तीन आठवड्यांत तार पुन्हा तेथेच तुटली, पुन्हा जोडली गेली, आणि या खेपेस ओढल्यामुळे सैल पडलेली तार तापून खाली लोंबली व ओव्हनच्या तळाच्या पत्र्यास टेकली. भरीस भर म्हणून, स्वयंपाकघरातील जुन्या बोर्डाला तीन पिनांचा प्लग बसत नाही म्हणून कोणीतरी दोन पिनांचा लावून ठेवलेला होता. काकू ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या होत्या. झाकणास हात लावताच त्यांच्या कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. हात सुटला, हे ईश्वराचे उपकार. आपल्या देशात २०२१ या एका वर्षात विजेच्या धक्क्याने १२,००० हून अधिक माणसे दगावल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्या साऱ्यांचेच हात काही सुटले नव्हते.

जोड का टिकत नाही, हे एकदा समजून घेतले म्हणजे कोणी तो लावून घेणार नाही. पिळा मारलेल्या जागी धातू धातूस पुरता भिडत नाही. तेथे विजेस अडथळा होतो, आणि अडथळा होईल तेथेच उष्णता साठते. म्हणजे जी जागा दुबळी, तीच सर्वांत अधिक तापते. शिवाय जळका तुकडा कापून टाकला तर तार आखूड होते. हजार वॅटच्या एलिमेंटचा रोध सुमारे ५३ ओहम असतो. त्याची दशांश तार कापली की तो ४८ च्या आत येतो, वीज अधिक ओढली जाते आणि हजाराचे अकराशे वॅट होतात. ही वाढीव उष्णता आता पूर्वीहून कमी लांबीच्या तारेला सोसावी लागते! डाक देऊनही उपयोग नाही. साधा डाक दोनशे अंशांच्या आतच वितळतो, आणि एलिमेंट तर कित्येक शे अंश तापतो. सारांश, तुटलेली कॉइल जोडावयाची नसते, बदलावयाची असते. नव्या कॉइलची किंमत ओव्हनच्या मानाने अगदी थोडी पडते, हे काकूंसही पुढे पटले.

हल्लीच्या चौकोनी ओव्हनांत उघडी कॉइल नसते. नळीसारखे दांडे असतात. आमच्याकडे दुकानदार त्यांस सरळ 'रॉड' म्हणतात. धातूच्या नळीत तीच नायक्रोमची कॉइल असते, आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी गच्च ठासलेली असते. ही भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते, वीज मात्र जाऊ देत नाही. तिला एक खोड आहे : ती हवेतील दमटपणा ओढून घेते. जूनपासून डिसेंबरपर्यंत कपाटावर पडून राहिलेला ओव्हन सुरू करताच घरचा संरक्षक स्विच खाली पडतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. तेव्हा घाबरून रॉड फेकू नये, आणि स्विच बांधून ठेवण्याचा अविचारही करू नये. जाणत्या वायरमनकडून तो तपासून, वाळवून घ्यावा. कोकणपट्टीतील आमच्या वाचकांस हा अनुभव आमच्याहून अधिक येत असेल.

बदलण्याचे काम पाहावयास सोपे आहे, तरी ते ज्यास वायरिंगची ओळख आहे त्यानेच करावे. इतरांनी निदान शेजारी उभे राहून काय होते ते डोळ्यांनी पाहावे. पहिली गोष्ट, प्लग भिंतीतून पूर्ण काढून तो डोळ्यांसमोर ठेवणे. स्विच बंद केला एवढे पुरत नाही, कारण जुन्या घरांत स्विच भलत्याच तारेवर बसविलेला आढळतो. ओव्हन पुरता निवल्यावर बाजूचे पत्रे उघडावेत, आणि कोणती तार कोठे आहे याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. हल्ली खिशातल्या फोनने ते क्षणात होते. मग एलिमेंटची एक तार सोडवून मल्टिमीटर लावावा. काटा हललाच नाही, तर आतील तार तुटली. दोन टोकांपैकी एक टोक आणि नळीचा धातू यांमध्येही तपासावे. तेथे वीज वाहते असे दिसले, तर रॉड तापत असला तरी तो प्राणघातकच समजावा. कित्येक लहान ओव्हनांत दोन रॉड एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणून एक गेला की दुसराही गार पडतो. दुकानदार दोन्ही विकू लागला तर आधी दोन्ही मोजून घ्यावेत.

नवा एलिमेंट घेताना जुना सोबत न्यावा. लांबी, वाक, टोकांची ठेवण आणि त्यावर लिहिलेले वॅट व व्होल्ट, ही सारी जुळली पाहिजेत. "जास्त वॅटचा घ्या, लवकर तापेल," असे म्हणणाऱ्याचे ऐकू नये. आतल्या तारा आणि थर्मोस्टॅट त्या भारासाठी केलेले नसतात. अमेरिकेहून मुलांनी पाठविलेल्या ओव्हनचा एलिमेंट १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या विजेवर लावला तर साडेतीन पटींहून अधिक शक्ती ओढून डोळ्यांदेखत जळतो.

टोकांचे स्क्रू घट्ट आवळावेत. तेथे साधी प्लॅस्टिकची वायर लावू नये. ती सत्तर अंशांपुढे टिकण्यासाठी केलेली नसते. काचतंतूंचे आवरण असलेली वायर मिळते, तीच घ्यावी. आणि हिरवी तार, ज्यास आपण अर्थिंग म्हणतो, ती ओव्हनच्या पत्र्यास पक्की बसली आहे की नाही हे सर्वांत शेवटी पुन्हा एकदा पाहावे. प्लगची मोठी, जाड पिन याच तारेची. ती मुद्दाम लांब केलेली असते, म्हणजे प्लग आत जाताना प्रथम तीच भिडावी. दोन पिनांचा प्लग लावणारा मनुष्य हे सारे शहाणपण एका झटक्यात कापून टाकतो. दोन हजार वॅटचा ओव्हन पावणेनऊ अँपियर वीज ओढतो, तेव्हा त्यास सोळा अँपियरचा मोठा सॉकेटच हवा, पंख्याच्या बोर्डावरचा लहान नव्हे.

दुरुस्तीपेक्षा नवा ओव्हन घेणे बरे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि विकणारे तर हटकून तेच सांगतात. सुटे भाग मिळत नाहीत ही तक्रार खरीही आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले, ते याच कारणास्तव. परंतु महाराज बाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून जुना रॉड हातात धरून एक फेरी मारली, तर त्या मापाचा नवा रॉड सापडण्याची आशा बरीच असते, आणि एखादा वृद्ध दुकानदार चष्मा कपाळावर चढवून जुन्या रॉडावरील पुसट आकडे वाचूनही देतो. आमच्या काकूंचा गोल ओव्हन अशाच एका दुकानातील कॉइलवर आज चालतो. बोर्ड त्यांनी बदलून घेतला, आणि त्या खर्चासाठी भाच्याने नको नको म्हणत असताही पैसे दिले.

नवा एलिमेंट बसविल्यावर पहिल्या खेपेस थोडा धूर व तेलकट वास येतो. खिडकी उघडी ठेवून ओव्हन पंधरा मिनिटे रिकामाच तापवावा, निवू द्यावा, आणि मगच केकचे भांडे आत ठेवावे. एलिमेंटचे वॅट, व्होल्ट आणि बदलल्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी. पुढच्या वेळी ज्यास बाजारात जावे लागेल, त्याची एक फेरी वाचेल.