पुराच्या रात्रीची वही



पूर आला की लोक काय काय मागतात? पिण्याचे पाणी, बिस्किटे, अंथरूण, औषध. या यादीत आणखी एक गोष्ट असायला हवी, असे माझे मत आहे. ती म्हणजे खात्रीची बातमी. आपला माणूस कुठे आहे, रस्ता सुरू आहे की बंद, पाणी चढते आहे की उतरते आहे, हे ज्याला कळत नाही, त्याच्या घशाखाली मिळालेला घासही उतरत नाही. कधी कधी तर तो नको त्या वेळी घराबाहेर पडतो आणि जीव गमावून बसतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

२६ जुलै २००५, मंगळवार. मी तेव्हा कुर्ल्याला राहत होते आणि उर्दू शाळेत सहावीत शिकत होते. दुपारपासून पावसाने जो जोर धरला, तो थांबेचना. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पडला सुमारे ७३ मिलिमीटर. शहर एकच, पण एका टोकाला प्रलय आणि दुसऱ्या टोकाला नेहमीचा पावसाळा! या दोन आकड्यांवर थोडा विचार करा. दक्षिण मुंबईत कामाला गेलेल्या माणसांना उपनगरांत काय चालले आहे, याची कल्पनाच नव्हती. गाड्या बंद पडल्या, तेव्हा ती माणसे पायी घराकडे निघाली. म्हणजे कोरड्या जागेतून पाण्याच्या दिशेने निघाली. माझे अब्बा त्यांच्यातलेच एक. ते मशीद बंदरजवळ एका दुकानात नोकरीला होते.

इकडे मिठी नदीचे पाणी वस्तीत शिरले होते. आमची गल्ली जरा उंचावर होती, म्हणून आम्ही वाचलो. वीज गेली होती. मोबाईल तेव्हा थोड्याच लोकांकडे होते आणि तेही मुके झाले होते. गल्लीच्या तोंडाशी एका चाचांचा पिवळ्या पाटीचा टेलिफोन बूथ होता. तिथला फोन घटकेत चालू, घटकेत बंद. मगरिबच्या सुमारास तिथे पन्नासएक माणसे जमली. शेजारच्या एका काकूंनी मदतीचा एक क्रमांक कितीतरी वेळा फिरवला. प्रत्येक वेळी तो एंगेज लागला. त्यांचे पती अंधेरीला कारखान्यात होते.

चाचांनी हिशेबाची वही उघडली आणि मला म्हणाले, "बेटा, तुझे अक्षर चांगले आहे. तू लिही." मेणबत्तीच्या उजेडात मी रकाने आखले. कोणाला शोधतात, तो कुठे दिसला, किती वाजता, कोणी पाहिला. फोन लागला की चाचा एकाच वेळी चार-चार घरांचे निरोप विचारून घेत. पाण्यातून चालत जो कोणी गल्लीत येई, त्याला आधी चहा मिळे आणि मग प्रश्न.

चाचांचा एक नियम होता. ऐकलेले लिहायचे नाही, पाहिलेले लिहायचे. एक मुलगा धावत आला आणि ओरडला, "सायनला बस बुडाली, सगळे मेले!" माझ्या अम्मीने भिंतीचा आधार घेतला. चाचांनी शांतपणे विचारले, "तू पाहिलीस?"

"नाही, लोक म्हणतात."

"मग त्या लोकांना घेऊन ये," चाचा म्हणाले. तो मुलगा परत आलाच नाही.

मी आधी सगळे उर्दूत लिहीत होते. काकू माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होत्या. त्यांना ते वाचता येईना. मग मी त्याच ओळीखाली मोडक्या मराठीत लिहू लागले. माझ्या वेलांट्या तेव्हा फार चुकायच्या. शाळेत त्यासाठी मी ओरडा खाल्ला होता, पण त्या रात्री कोणी चूक काढली नाही.

रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या मागच्या चाळीतले एक गृहस्थ भिजून आले. त्यांनी अब्बांना सायनजवळच्या एका शाळेत पाहिले होते. शेकडो माणसे तिथे थांबली होती. मी ते लिहिले. अम्मीला वाचता येत नव्हते. तिने मला ती ओळ तीनदा वाचायला लावली आणि मग ती घरी जाऊन झोपली. अब्बा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. काकूंच्या नावापुढचा रकाना मात्र तिसऱ्या दिवसापर्यंत रिकामा होता. मग त्यांचे पती सुखरूप परतले. पण ते तीन दिवस त्या कशा जगल्या, हे मी पाहिले आहे.

त्याच आठवड्यात, २८ जुलैच्या रात्री, मुंबईत अफवा उठली. कोणी म्हणे धरण फुटले, कोणी म्हणे समुद्र चढून आला. जुहूच्या नेहरूनगरमध्ये लोक घाबरून पळत सुटले आणि चेंगराचेंगरीत अनेकांचा जीव गेला. तिथे पाण्याचा लोंढा आलाच नव्हता. खोट्या बातमीने माणसे मारली.

तुम्ही म्हणाल, "बाई, ती गोष्ट जुनी झाली. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे." खरे आहे. पण २२ जुलै २०२१ आठवा. वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, वीज गेली आणि फोन लागेनासे झाले. माझी मावशी तिथे राहते. तिचा मुलगा कुवेतला आहे. तो रात्रभर मला विचारत होता आणि मी त्याला काय सांगणार? त्याच्या मोबाईलवर शेकडो छायाचित्रे येत होती. त्यांतली काही तर जुन्या पुराची होती. पण त्याची आई ज्या इमारतीत होती, त्या इमारतीची बातमी एकाही संदेशात नव्हती. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. रस्ते पाण्याखाली होते आणि संपर्क तुटला होता. तिथवर मदत पोचायला फार वेळ लागला.

आज सरकारी व्यवस्था २००५ पेक्षा पुष्कळ सुधारली आहे, हे मान्य केले पाहिजे. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, राज्याचा १०७०, मुंबई महापालिकेचा १९१६ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२. हे चार क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पण नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला तुमची गल्ली माहीत नसते. त्याला तुम्हीच ती सांगावी लागते. गावाचे नाव, जवळची खूण, किती माणसे अडकली आहेत, पाणी कुठवर आले आहे, कोणी आजारी किंवा गरोदर आहे का, एवढे एका दमात सांगता आले पाहिजे. नुसते "लवकर या, लवकर या" म्हणून फोन ठेवला, तर कोणी कुठे यावे? आणि एकाच चाळीतून चाळीस जणांनी तोच फोन केला, तर एकेचाळिसाव्याला तो एंगेजच लागणार. काकूंना तो का लागला नाही, हे मला मोठेपणी कळले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, मोठ्या हेल्पलाईनच्या खाली प्रत्येक मोहल्ल्याची एक छोटी हेल्पलाईन असावी. एक उंच जागा, दोन-तीन विश्वासू माणसे, एक वही, एक बॅटरीवरचा रेडिओ आणि चार्ज केलेली पॉवर बँक. मोहल्ल्याची बातमी तिथे गोळा व्हावी, तपासली जावी आणि तिथून एकाच माणसाने १०७७ ला कळवावी. वरून आलेली सूचना मशिदीच्या आणि देवळाच्या भोंग्यावरून सर्वांना समजेल अशा भाषेत सांगावी. याला फार पैसा लागत नाही. मात्र पावसाळ्याआधी तयारी लागते, आणि ती करायचा आपल्याला कंटाळा असतो. माझाही त्याला अपवाद नाही. हे काम मी तीन वर्षे पुढे ढकलले.

या जूनमध्ये मात्र माझ्या वर्गातल्या मुलामुलींनी शाळेमागच्या दोन गल्ल्या घरोघरी फिरून काढल्या. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले म्हातारे आहेत, कोणाला इन्सुलिन लागते, कोणाला पोहता येते, कोणाकडे लांब दोर आहे, हे त्यांनी उर्दूत आणि मराठीत लिहून आणले. एका आजीने तर मुलींना घरात बोलावून शिरखुर्मा खाऊ घातला आणि बजावले, "माझे नाव पहिले लिहा, मला ऐकू कमी येते." मुलींनी ते पहिलेच लिहिले आहे. आता प्रश्न राहिला आहे वही ठेवायच्या जागेचा. शाळा तळमजल्यावर आहे, तिथे पहिले पाणी आमच्याच वर्गात शिरते. मशिदीचा वरचा मजला चालेल, असे इमामसाहेब म्हणतात. समोरच्या इमारतीतले पाटीलकाका तिसऱ्या मजल्यावर राहतात, तेही तयार आहेत. वहीच्या दोन प्रती करून दोन्ही ठिकाणी ठेवाव्यात, असे एका मुलीने सुचवले आहे. ती सध्या दुसरी प्रत उतरवते आहे.