पाचवे शील आणि अनोळखी गोळी

मद्य आणि मादक द्रव्ये यांपासून अलिप्त राहण्याचे पाचवे शील आपल्या वसतिगृहातील प्रत्येक मुलाला पाठ असते. ते शील मी निरपवाद मानतो. परंतु त्याच्या नावाने आपण जी शिस्त उभी केली आहे, तिच्यात एक घातक पोकळी राहिली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या मुलाच्या हातून हे शील मोडले, त्याने आणि त्याच्याजवळच्या मित्राने पुढच्या तासाभरात काय करावे, हे आपण कधीच शिकवलेले नाही.

आपली मुले आता पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत शिकतात, सुट्टीत मित्रांबरोबर गोव्याला जातात. तेथे कोणी तरी पोस्टाच्या तिकिटाहूनही लहान असा कागदाचा तुकडा पुढे करतो आणि ‘एलएसडी’ असे त्याचे नाव सांगतो. १९४३ साली बाझेल येथे आल्बर्ट हॉफमन यांना ज्याचा परिणाम प्रथम जाणवला, ते हे द्रव्य. त्याची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशात असते, म्हणूनच ते कागदावर मावते. परंतु गेल्या दीड दशकात अशाच कागदावर ‘एनबोम’ या गटातील कृत्रिम द्रव्येही एलएसडी म्हणून विकली गेली आहेत. त्यांतले एक २००३ साली बर्लिनमध्ये मेंदूच्या संशोधनासाठी तयार झाले होते. या द्रव्यांनी शरीराचे तापमान बेसुमार वाढते, झटके येतात. अनेक देशांत तरुणांचे मृत्यू नोंदले गेले आहेत. ‘एक्स्टसी’च्या गोळीचीही तीच कथा. तिच्या जागी ‘पीएमए’ नावाचे द्रव्य असले, तर परिणाम उशिरा सुरू होतो. ‘काहीच झाले नाही’ म्हणून मुलगा दुसरी गोळी घेतो आणि मग दोन्ही एकदम अंगावर येतात. रंगावरून, छापावरून वा विकणाऱ्याच्या शब्दावरून यांतले काहीही ओळखता येत नाही. विकणाऱ्यालाही ते बहुधा ठाऊक नसते.

आपल्या वस्त्यांना हे नवे वाटू नये. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत शंभराहून अधिक माणसे दगावली. दारू समजून जे त्यांच्या घशाखाली गेले, त्यात मिथेनॉल होते. मरणारे बहुतेक कष्टकरी होते. ‘प्यायलेच कशाला?’ असे विचारणारे तेव्हाही कमी नव्हते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला तो प्रश्न नेहमीच निर्दय वाटत आला आहे, कारण तो मेलेल्या माणसाला विचारला जातो.

नेदरलँड्समध्ये १९९२ पासून माणूस आपल्याजवळची गोळी तपासणीसाठी देऊ शकतो, आणि एखादी विशेष घातक आढळली तर लोकांना जाहीर इशारा दिला जातो. यालाच हानी कमी करण्याचे धोरण म्हणतात. ते परकीय आहे म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. सुईने नशा करणाऱ्यांना एचआयव्हीची लागण होऊ नये यासाठी आपलेच शासन स्वच्छ सुया आणि पर्यायी औषध पुरवते. गोळ्यांच्या तपासणीची सोय मात्र आपल्याकडे नाही. म्हणून मुलांजवळ उरते ते फक्त ज्ञान, आणि मदत मागण्याचे धैर्य.

हे धैर्य आपणच मारतो. नशा केलेला मुलगा सापडला की नाव कमी, हा निवासी शाळांतून सर्रास दिसणारा शिरस्ता. विनयपिटक वेगळे सांगते. नागाला नमवणारे सागत थेर कौशांबीत घरोघरी दिलेले मद्य प्याले आणि नगराच्या वेशीपाशी कोसळले. तथागतांनी त्यांना तेथून उचलून विहारात आणवले. सुरापानाविरुद्धचा नियम झाला तो त्यानंतर. तो नियमही पाचित्तिय वर्गातला, म्हणजे कबुली देऊन शुद्ध होण्याचा. संघातून घालवणाऱ्या चार पाराजिकांत त्याची गणना नाही. जी शिक्षा भगवंतांनी प्रौढ भिक्खूला दिली नाही, ती आपण सोळा वर्षांच्या पोराला कोणत्या अधिकाराने देतो? नियम आणि तत्त्व यांतला भेद बाबासाहेबांनी १९३६ मध्येच ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये समजावून दिला आहे. आपण नियम तेवढा उचलला.

यावर पालक म्हणतील, अशाने मुलांना मोकळीक मिळेल. ही चिंता खोटी नाही. पण नाव कमी होण्याच्या भीतीने मूल घेण्याचे थांबते की सांगण्याचे, याचा विचार करावा. मित्र तापाने फणफणला आहे, झटके देतो आहे, आणि बाकीची मुले दाराला कडी लावून उतरण्याची वाट पाहत आहेत, हे चित्र मला अधिक भयंकर वाटते.

म्हणून संस्थेच्या कार्यकारिणीपुढे माझी मागणी आहे. जो विद्यार्थी आपल्या मित्रासाठी मदत मागेल, त्याचे आणि त्या मित्राचे नाव त्या कारणाने कमी होणार नाही, हे वसतिगृहाच्या नियमावलीत लेखी यावे. आणि पुढील गोष्टी प्रत्येक मुलाला पंचशीलाइतक्याच पाठ असाव्यात. बेशुद्ध मित्राला कुशीवर वळवावे आणि क्षणभरही एकटे सोडू नये. ताक, लिंबू, मीठपाणी असले घरगुती उपाय करू नयेत. अंग तापले असेल तर ओल्या कपड्याने पुसून वारा घालावा. १०८ ला फोन करावा. काय घेतले, किती वाजता घेतले हे डॉक्टरांना खरे सांगावे. पाकीट वा उरलेला तुकडा असेल तर त्यांना दाखवावा. व्यसन जडलेच असेल तर १४४४६ या क्रमांकावर सल्ला मिळतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या ६४-अ कलमात, स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला ठरावीक गुन्ह्यांपुरते खटल्यातून संरक्षणही आहे, हे आपल्या पालकांपैकी फार थोड्यांना माहीत असते.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज डॉक्टर, परिचारिका, वकील आहेत. येत्या वर्षावासातील एका रविवारी त्यांनी मुलांबरोबर दोन तास बसावे. त्या वेळी आम्ही शिक्षक खोलीबाहेर थांबलो तरी चालेल. मुले अधिक मोकळेपणाने विचारतील.