बिस्किटाचा पुडा आणि आपला प्लॉट

गेल्या पौषात तहसीलवर आपला मोर्चा होता. प्लॉटच्या केसेस मागं घ्या, दिवाळीआधी दिलेल्या अर्जांचं काय झालं ते सांगा, एवढंच विचारायचं होतं. सात पाड्यांनी यायचं कबूल केलं होतं. आली तीन पाड्यांची माणसं. बाकीची कुठं होती ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच दिवशी फॉरेस्टच्या बंगल्यावर मुंबईहून आलेल्या मंडळींचं शिबिर होतं. औषध फुकट, घरामागं पाच किलो तांदूळ, एक चादर, पोराला बिस्किटाचा पुडा.

संघटना शिबिराला गेलेल्यांवर रागावली आहे, असं पाड्यापाड्यांवर बोललं जातंय. म्हणून पहिल्यांदा तेच लिहितो. राग नाही. जिचं पोर तीन रात्री तापानं फणफणलंय तिनं पोर टाकून मोर्चाला यावं असं म्हणणारा माणूस संघटनेत नको. त्या दिवशी दोन पोरांना निमोनियाचं औषध वेळेवर मिळालं आणि ती वाचली. एक डॉक्टरीणबाई अंधार पडेपर्यंत कंदिलाच्या उजेडात पोरं तपासत बसली होती, जेवलीसुद्धा नाही. हे आम्ही विसरणार नाही. पण त्या दिवशी आणखी काय काय झालं तेही लिहून ठेवलं पाहिजे, कारण त्या मंडळींचं पुन्हा पत्र आलंय. दिवाळीनंतर शिबिर घ्यायचं म्हणतात, आणि संघटनेनं माणसं गोळा करून द्यावीत म्हणतात.

तांदळाची यादी कुणी केली? मंडळी बिचारी नवखी. त्यांनी विचारलं, गावातली गरीब घरं कोणती? बंगल्यावर गार्ड होता, त्यानं सांगितलं, मी देतो यादी. ज्यांच्यावर प्लॉटच्या केसेस आहेत अशी अकरा घरं त्या यादीत नव्हती. ज्या घरात सगळ्यात कमी दाणे, नेमकं त्याच घराला कुपन नाही. एक डोसी तासभर रांगेत उभी राहिली आणि कुपन नाही म्हणून परत गेली. तिच्या प्लॉटातली नागली गेल्या आषाढात उपटून सागासाठी खड्डे काढले होते. ज्यानं खड्डे काढून घेतले तोच रांग लावायला काठी घेऊन उभा. मंडळींनी त्याला चहा दिला, निघताना आभारही मानले. त्यांना कळलं नाही हे आम्ही मान्य करतो. पण न कळता केलेल्या दानानंसुद्धा गार्डचा हात वर झाला. आता तो पाड्यावर येऊन सांगतो, मोर्चाला जाल तर पुढच्या वेळी तांदूळ नाही.

दुसरी गोष्ट महिन्यांची. शिबिरं नेहमी मार्गशीर्ष-पौषात होतात. रस्ता कोरडा, हवा गार, जीप पाड्यापर्यंत येते, मंडळींना सुटी असते. पण त्या दिवसांत आपल्या घरात नागली-वरई असते. आणि निम्मा पाडा तर घरात नसतोच. दिवाळी झाली की बयाणा घेतलेली माणसं भिवंडीला, वसईला वीटभट्टीवर निघून जातात, पोरंबाळं घेऊन. भट्टीवर अंगणवाडी नाही, सुकडी नाही, कुणी वजन करत नाही, लस टोचत नाही. शिबिरात पोरांची वजनं घेतली ती मागं राहिलेल्या पोरांची. सगळ्यात हाडकुळी पोरं तेव्हा विटांच्या धुरात होती.

भुकेचे महिने कोणते ते तुम्हाला सांगायला नको, पण बाहेरचं कुणी हा अंक वाचत असेल तर त्याच्यासाठी लिहितो. होळीपर्यंत घरचे दाणे संपतात. मृगाच्या तोंडावर माणसं भट्टीवरून परततात, हिशेबात शेठचंच देणं निघालेलं असतं. आषाढात आवणी, म्हणजे सगळ्यात जड काम आणि सगळ्यात रिकामं पोट. आई दिवसभर चिखलात वाकलेली, तान्हं पोर माचावर मोठ्या बहिणीजवळ, बहीण सहा वर्षांची. मग शेवळं, कोळीभाजी, कुर्डू, आणि कडूकंद. कडूकंद चिरायचा, राख घालून उकळायचा, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा, तेव्हा त्याचा कडूपणा जातो. खावटी कधी वेळेवर यायची, कधी पाऊस संपल्यावर. रेशनचा तांदूळ ओहोळाच्या पलीकडं. हगवण, गोवर, हिवताप, सगळं याच दिवसांत. कुणाची जीप येत नाही ती याच दिवसांत.

१९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला पोरं एकामागून एक गेली. त्याआधी त्या गावांचं नाव मुंबईत किती जणांनी ऐकलं होतं? मग पेपरवाले आले, पुढारी आले, डॉक्टरांची पथकं आली, कपड्यांची गाठोडी आली. पेपरात काय काय छापून आलं ते आपण चावडीवर वाचून घेतलं. आदिवासी अडाणी, आदिवासी भगताकडं जातो, दारू पितो, पोरं जास्त होतात. पोर मेलं की सरकारी कागदावर निमोनिया लिहितात, गोवर लिहितात, अतिसार लिहितात. खोटं नाही ते. पण शहरातल्या भरल्या घरातल्या पोरालाही गोवर होतो, आठ-दहा दिवसांत ते पुन्हा खेळायला लागतं. आपलं पोर त्याच गोवरानं जातं, कारण अंगात झुंजायला काही शिल्लक नसतं. भूक हे मरणाचं कारण म्हणून कुठल्या रजिस्टरात लिहीत नाहीत. लिहिलं तर पुढचा प्रश्न येतो, भूक का? आणि मग जमिनीचं बोलावं लागतं.

ते आम्ही बोलतो. राब जाळायला फांद्या तोडल्या की गुन्हा, प्लॉट नांगरला की गुन्हा. आजोबाच्या वेळेपासून कसलेल्या डोंगरउताराला कागदावर अतिक्रमण म्हणतात. एकसाली प्लॉट दिले, पुढं नूतनीकरण बंद केलं, आणि कसणारा चोर ठरला. १९७८ च्या डिसेंबरात सरकारनंच ठराव केला की त्या सालच्या ३१ मार्चपर्यंत कसत असलेली जमीन नावावर करायची. किती घरांच्या झाल्या? पुरावा म्हणून दंडाची पावती मागायचे. गार्डनं कोंबडा नेला, पैसे नेले, त्याची पावती कुणी देतं का? मग १९८० चा वन कायदा आला, दिल्लीच्या परवानगीशिवाय काही करता येत नाही असं सांगायला साहेबांना सोपं झालं. धरणाला, खाणीला दिल्लीची परवानगी मिळते. दोन एकर नागलीला मिळत नव्हती.

नांगरलेल्या प्लॉटात नागली होते, वरई होते, बांधाला उडीद होतो, उतारावर खुरासणी होते, तिचं तेल निघतं. पोराला लागतं ते सगळं त्यात आहे. त्याच्या जागी साग लावला की गाव विटा पाडायला जातं, आणि पौषात कुणीतरी पाच किलो तांदूळ घेऊन येतं. तो तांदूळ तीन दिवस पुरतो. सहा माणसांच्या घरात मोजून बघा.

आलेल्या वस्तूंबद्दलही बोललं पाहिजे. दुधाच्या पावडरीची पाकिटं वाटली. चांगल्या मनानं वाटली. पण उन्हाळ्यात आपण झिऱ्यावरचं गढूळ पाणी वाटीनं भरतो, लाकडं आणायची तर गार्डची भीती, पाणी उकळणार कशावर? त्या पाण्यात पावडर कालवून पाजली आणि दोन पाड्यांवर पोरांना हगवण लागली. ताकदीच्या लाल बाटल्या वाटल्या, त्या आता रॉकेल भरून टांगल्यात. याउलट त्या डॉक्टरीणबाईबरोबर आलेल्या नर्सबाईनं बायांना गोळा करून जे शिकवलं त्याला एक पैसा लागला नाही आणि ते आजही चालू आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पुन्हा देतो: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. हगवणीत पोराला थोडं थोडं पाजत राहायचं, अंगावरचं दूध तोडायचं नाही. मीठ जास्त घालू नका. डोळे खोल गेले, पोर सुस्त पडलं, तर भगताची वाट बघत बसू नका, डोली करा आणि दवाखान्यात न्या. भगत आपला माणूस आहे, त्याचा मान आहे, पण तो पाणी भरून काढू शकत नाही. लस टोचायला बाई आली की पोरं लपवू नका, हेही आम्ही वर्षानुवर्षं सांगतोय.

आणि दवाखान्यात डॉक्टर असला पाहिजे. आपल्या भागातल्या आरोग्य केंद्रात जागा मंजूर आहे, क्वार्टर बांधलेलं आहे, पगार निघतो. डॉक्टर मात्र आठवड्यात दोन दिवस. मंडळी वर्षातून एक दिवस फुकट डॉक्टर आणतात, आणि पगारी डॉक्टर कुठं आहे हे विचारत नाहीत. उलट शिबिराच्या दिवशी आरोग्य खात्याचे साहेब हार घालायला हजर होते. आपण विचारलं तर आंदोलनवाले म्हणून बाहेर काढतात. मुंबईच्या डॉक्टरनं लेटरहेडवर विचारलं तर उत्तर द्यावं लागेल. ती ताकद त्यांच्याकडं आहे, ती त्यांनी अजून वापरलेली नाही.

शिबिराच्या शेवटी भाषण झालं. एक गृहस्थ म्हणाले, समाजाचं देणं फेडायला आलो. चांगलं वाटलं ऐकून. तर हिशेब मांडूया. मुंबई जे पाणी पिते ते कुठलं? तानसा १८९२ साली बांधला, मग मोडकसागर, मग अप्पर वैतरणा, मग भातसा. सगळं आपल्याच डोंगरांत पडलेलं पाणी. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांच्या घरच्या बाया फाल्गुनात हंडा घेऊन दरी उतरतात. मुंबईच्या विटा आपल्या हातच्या. एवढ्या देण्याला चादर कमी पडते. चादरीला आम्ही नाही म्हणत नाही, थंडी खरी आहे. पण ती दान म्हणून देऊ नये, आणि घेताना पोराला उघडं उभं करून फोटो काढू नये. एका बाईनं पोराचं झबलं घट्ट धरून ठेवलं, काढू दिलं नाही. तिला हट्टी म्हणाले. आम्ही तिचं नाव छापलं असतं, पण ती नको म्हणाली.

आपल्या माणसांनाही दोन शब्द. चादरीवरून दोन भावकीत मारामारी झाली, ती शरमेची गोष्ट. एका घरानं तीन कुपनं घेतली, शेजारच्या घराला एकही नाही, तेव्हा यादीत कोण सुटलंय हे पाड्यावर सगळ्यांना दिसत होतं. एकानंही तोंड उघडलं नाही. रांगेतल्या माणसाची जीभ जड होते हे आम्हाला कळतं. म्हणून रांगेच्या आधी बसून ठरवायला हवं. गेल्या महिन्यात चार पाड्यांची बैठक झाली, बाया जास्त होत्या, आणि पत्राला उत्तर काय द्यायचं ते तिथं ठरलं. बायांचंच म्हणणं पडलं की नको म्हणू नका, आमच्या हिशेबानं या म्हणा.

उत्तर पाठवलंय, ते असं. दिवाळीनंतर येऊ नका, श्रावणात या. फॉरेस्टच्या बंगल्यावर उतरू नका, शाळेत उतरा, नाहीतर आमच्या घरी. आम्ही जे खातो ते खा, कडूकंद खाऊन बघा. यादी पाडा करेल, सगळ्यांसमोर वाचून दाखवेल, गार्ड किंवा पोलीसपाटील करणार नाही. पावडर आणू नका, नागली, उडीद आणा, डाळ आणि तेल आणा. डॉक्टर आणा, पण त्यानं आमच्या सुइणींना आणि चार शिकलेल्या पोरांना दोन दिवस शिकवावं, गोळ्या त्यांच्यापाशी ठेवून जावं. पोरांच्या वजनाची एक नक्कल पाड्याला द्या, नुसती मुंबईला नेऊ नका, आम्ही ती तहसीलवर घेऊन जाणार आहोत. ज्या घरातलं पोर वजनात फार कमी निघेल त्याच्या प्लॉटचं काय झालं, हेही त्याच कागदावर लिहा. आणि परत जायच्या आदल्या दिवशी तहसीलवर आमच्याबरोबर चला. घोषणा देऊ नका, नुसतं उभं राहा.

पत्राच्या शेवटी वाटेचंही कळवलंय. श्रावणात ओहोळाला पाणी असतं, जीप अलीकडंच थांबवावी लागेल. पुढं तीन तास पायवाट. जळवा आहेत, पायाला तंबाखूचं पाणी लावावं. पेट्या डोक्यावर न्यायला पाड्याची माणसं खाली येऊन थांबतील. ज्यांना यायचं आहे त्यांनी आपली नावं आत्ताच द्यावीत, घरटी एक माणूस, बाई असली तरी चालेल.