दैव, पुरुषकार आणि खारे पाणी

जळगाव जामोद, संग्रामपूरच्या खारपाणपट्ट्यातील मूत्रपिंडविकाराचे रुग्ण ‘नशिबाचा भोग’ म्हणतात, तेव्हा आम्हांस चरकसंहिता आठवते. होमरच्या इलियडच्या प्रारंभी सैन्यात मरी पसरते ती अपोलोच्या कोपाने. उपाय एकच, देवाची मनधरणी. पुढे हिपोक्रेटसच्या परंपरेने अपस्मारालाही इतर रोगांप्रमाणे नैसर्गिक कारण असते, असे मांडले. चरकाचार्य विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात दैव नाकारीत नाहीत. परंतु बलवान पुरुषकार दुर्बल दैवास मागे सारतो, असे सांगतात. गाडीचा चांगला आस आपला काळ टिकतो. अतिभाराने वा वाईट वाटेने अकाली मोडतो. आयुष्याचेही तसेच.

त्याच अध्यायात वायू, जल, देश व काल यांची विकृती जनपदोद्ध्वंसास कारण मानली आहे. पाणी हेच एकमेव कारण, असा आमचा दावा नाही; परंतु साऱ्या गावाच्या पाण्याचा विचार न करता एकट्या रुग्णाच्या प्राक्तनास बोल लावणे शास्त्रसंमत नव्हे. विहिरीचे पाणी एकटा रुग्ण बदलू शकत नाही. तेथे पुरुषकारही सामूहिकच हवा. म्हणून वैद्यबंधूंनी पथ्य सांगताना रुग्ण कोणते पाणी पितो हे विचारावे, नोंदवावे आणि ग्रामसभेपुढे मांडावे, ही विनंती.